अळीमिळी गुपचिळी

अविधवा नवमीला आमच्याकडे गुरुजी सकाळी नऊलाच हजर असतात. त्यांना त्या दिवशी अजून चार घरे करायची असतात. त्यामुळे संकल्प घाईत, नावे घाईत. माता, पितामही, प्रपितामही. गुरुजी नुसती मान वर करतात आणि बाबा नाव सांगतात. यंदा बाबांनी पणजीचे नाव सांगितले आणि दाराशी उभी असलेली माझी भाची म्हणाली, "पण हे त्यांचं सासरचं नाव ना? आधीचं काय होतं?"

गुरुजी थांबले. बाबांनी आत्याकडे पाहिले. घरात आता तीच सगळ्यांत मोठी.

"ते कुणी विचारलंच नाही गं कधी," आत्या म्हणाली आणि वड्यांची परात उचलून आत गेली.

पूर्वी बहुतेक घरांत लग्नात नवरीचे नाव बदलत. ताम्हनात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवे नाव रेखायचे. ताम्हन हलले की तांदळातली अक्षरे मोडतात, पण ते नाव बाईला जन्मभर चिकटते. गंमत अशी की जुने नाव कुणीही खोडत नाही. त्या नावाने हाक मारायची तेवढी बंद होते. माहेरी हाक मारणारे चारदोन जण असतात तोवर ते तिकडे जिवंत राहते, आणि मग तिकडूनही जाते. शेवटी पणतीच्या लेकीने विचारावे आणि सगळ्यांनी एकमेकांची तोंडे बघावीत.

दुपारी जेवणे उरकल्यावर झोप येईना. गेले काही दिवस एका किड्यावरचे वाचत होतो, तेच डोक्यात घोळत राहिले.

किडा म्हणजे सूत्रकृमी. डाळिंब-टोमॅटोवाल्यांना हा शब्द ऐकूनच कपाळाला आठ्या पडतात, कारण मुळांवर गाठी आणून बाग बसवणारा तो याच कुळातला. मी म्हणतोय तो मात्र निरुपद्रवी. सडक्या फळांत, खतात राहतो आणि जंतू खातो. शास्त्रीय नाव सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स. लांबी जेमतेम एक मिलिमीटर. सिडनी ब्रेनर यांनी केंब्रिजमध्ये १९६३च्या सुमारास त्याला प्रयोगासाठी निवडले, आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत त्याचे गोकुळ वाढते आहे. त्याच्या अंगात किती पेशी असतात हे मोजलेले आहे. लिंगपेशी सोडल्या तर ९५९, त्यांपैकी मज्जापेशी ३०२. स्वतःच्या घरातल्या चमच्यांचा इतका चोख हिशेब मला सांगता येणार नाही.

एका मित्राच्या प्रयोगशाळेत मी त्याला एकदा पाहिले आहे. तळहाताएवढीही नसलेली बशी, तिच्यात अगरची पारदर्शक खळ, आणि मधोमध जंतूंचा दुधट ठिपका. नुसत्या डोळ्यांना त्या ठिपक्यात धुळीचे कण हलल्यासारखे दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच धुळीचे लवलवते, काचेसारखे जीव होतात. सरपटताना ते मागे नागमोडी रेघ सोडतात, आणि थोड्या वेळात सगळ्या बशीभर कुणीतरी मोडी लिहिल्यासारखे दिसते. अंग आरपार दिसत असल्याने आईच्या पोटात ओळीने लागलेली अंडी मोजता येतात. मित्राने प्लॅटिनमच्या बारीक तारेचे टोक ज्योतीत तापवले, निवू दिले, त्याला जंतूंचा चिकट ठिपका लावला आणि एका किड्याच्या पाठीला अलगद टेकवले. किडा तारेला चिकटून दुसऱ्या बशीत गेला. "झाली नवी पिढी सुरू," मित्र म्हणाला. या जातीतले बहुतेक किडे उभयलिंगी असतात, एकट्याने संसार करतात. नर क्वचितच निपजतो. एक जीव साधारण तीनशे पोरे काढतो आणि ती पोरे तीन-चार दिवसांत स्वतः आई होतात. माणसाच्या घराण्याचा इतिहास लिहायला शतके लागतात, याचा एका उन्हाळ्यात होतो.

आता जनुकांच्या गप्प बसण्याची गोष्ट. १९९८मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी त्यावर बोट ठेवले. जनुकात लिहिलेले वाचून पेशी आरएनएची एक प्रत काढते, निरोप म्हणा हवे तर, आणि त्या निरोपाबरहुकूम प्रथिन बनते. या दोघांनी किड्याच्या स्नायूंतल्या एका जनुकाचा आरएनए बाहेर बनवून त्याला टोचला. सुलट धागा टोचला, विशेष काही झाले नाही. उलट धागा टोचला, तरी फारसे काही नाही. मग दोन्ही एकत्र, एकमेकांना बिलगलेले टोचले. त्या आईची पोरे थडथडा उडू लागली. ते जनुक बिघडलेले किडे असेच थडथडतात. इथे मात्र जनुक शाबूत होते, त्यातले एक अक्षरही इकडचे तिकडे झाले नव्हते. फक्त त्याचा निरोप वाटेतच फाडला जात होता. आणि त्यासाठी पेशीमागे त्या दुहेरी आरएनएचे मूठभरही नव्हे, मोजके रेणू पुरत होते.

म्हणजे हे नुसते अडवणे नव्हते. आतली कुठली तरी यंत्रणा कामाला लागली होती. पुढे ती उलगडली. पेशी दुहेरी आरएनएकडे संशयाने पाहते, कारण कित्येक विषाणू आत शिरून वाढताना असाच दुहेरी धागा तयार होतो. एक प्रथिन त्याचे बावीस-तेवीस अक्षरांचे तुकडे करते. दुसरे प्रथिन एकेक तुकडा हातात धरून, पोलिसाने फोटो घेऊन फिरावे तसे, पेशीभर फिरते आणि जुळणारा निरोप दिसला की त्याचा निकाल लावते. सूत्रकृमीत याच्या वरताण एक सोय आहे. त्या फोटोच्या नव्या प्रती पेशी स्वतःच काढत राहते. मोजक्या रेणूंवर भागते ते त्यामुळे. फायर आणि मेलो यांना २००६मध्ये यासाठी नोबेल मिळाले, शोध छापून आल्यावर अवघ्या आठ वर्षांत. नोबेल समिती इतकी घाई सहसा करत नाही.

मराठीत याला जनुकमौन म्हणावे की जनुकशमन, यावर विज्ञान लिहिणारे भांडोत. मला विचाराल तर आपल्याकडे केव्हापासूनचा शब्द पडून आहे: अळीमिळी गुपचिळी. सूत्रकृमी म्हणजे अळी नव्हे हे ठाऊक आहे, पण इतका चालून आलेला शब्द कोण सोडील?

इथवरची गोष्ट एका जिवाच्या अंगातली. पुढची मला जास्त विलक्षण वाटते. हे मौन पोरांना मिळते, त्यांच्या पोरांनाही मिळते. ज्या नातवाला कधी काही टोचले नाही, ज्याने तो दुहेरी आरएनए पाहिलाही नाही, त्याच्या अंगातही ते जनुक गप्प असते. जनुकाबरोबर 'हे वाचायचे नाही' अशी चिठ्ठीही वारशात उतरते.

जीवशास्त्रात हे बोलायला एके काळी धाडस लागे. लामार्कची जिराफाची मान सगळ्यांनी शाळेत वाचलेली असते आणि तिला हसण्याचे शिक्षणही तिथेच मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आउगुस्ट वाइसमान यांनी उंदरांच्या पिढ्यान्‌पिढ्या शेपट्या छाटल्या. पिल्ले आपली लांब शेपटी घेऊनच जन्मत राहिली. शरीरावर गुदरलेले लिंगपेशींना कळत नाही, मधे भिंत आहे, असा त्यांचा सिद्धान्त. उंदरांच्या शेपट्यांवरून ती भिंत खरोखर सिद्ध होते का, असा प्रश्न मला पडतो, कारण लामार्कने अपघाताने तुटलेल्या अवयवाबद्दल काही म्हटले नव्हते. पण भिंत टिकली, आणि बव्हंशी टिकावी अशीच होती.

अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात अँटनी होजे नावाचे रेणवीय जीवशास्त्रज्ञ आहेत. त्यांच्या गटाने २०१५मध्ये या भिंतीतली एक फट दाखवली. किड्याच्या मज्जापेशींत दुहेरी आरएनए तयार होईल अशी व्यवस्था केली. तो तिथून निघाला, अंगातून वाट काढत लिंगपेशींत पोचला आणि तिथले जुळणारे जनुक त्याने गप्प केले. त्याला आत घ्यायला एसआयडी-१ नावाचे प्रथिन लागते, दाराच्या किल्लीसारखे. ते नसले तर दार उघडत नाही. शरीराच्या इतर पेशींना गप्प ठेवायचे तर प्रत्येक पिढीत नव्याने दुहेरी आरएनए लागे. लिंगपेशींत मात्र एका पिढीत एकदा शब्द पोचला की पुढच्या पंचवीसहून अधिक पिढ्या मौन टिकू शकले.

मज्जापेशीतून लिंगपेशीत हे वाचल्यावर कुणाच्याही मनात भलते इमले उभे राहतात. आजोबांची भीती नातवाच्या डोळ्यांत, पणजीची भूक पणतूच्या पोटात. जरा दमाने घ्यावे. सूत्रकृमीत त्या तुकड्यांच्या प्रती काढत राहणारे जे यंत्र आहे, ते आपल्यात नाही. किड्याचे माणसाला जसेच्या तसे लावता येत नाही. गर्भसंस्काराच्या जाहिरातीत उद्या 'विज्ञानानेही सिद्ध केले आहे' म्हणून हा किडा आला, तर त्या किड्याची बाजू घ्यायला मी आहे. आणि खुद्द किड्याबाबतही सगळे एका सुरात बोलतात असे नाही. रोगट जंतूंपासून दूर राहायला शिकलेल्या आईची शिकवण चार पिढ्या टिकते असे प्रिन्स्टनच्या कोलीन मर्फी यांच्या गटाने दाखवले. हार्वर्डच्या क्रेग हंटर यांच्या गटाला तसा प्रयोग करूनही ते दिसले नाही. एक मिलिमीटरच्या प्राण्यावरून मोठमोठ्या प्रयोगशाळा वर्षानुवर्षे वाद घालतात, हे मला तरी चांगले लक्षण वाटते.

तर होजे यांच्याच गटाचा २०२१चा प्रयोग. त्यासाठी त्यांनी किड्यात बाहेरून एक जनुक बसवले होते. ते बोलत असले की लिंगपेशी लाल आणि हिरव्या उजेडात चमकतात; गप्प झाले की अंधार. हे जनुक असलेला नर आणि ते नसलेली आई यांची गाठ घातली. पोरांत जनुक आले, पण उजेड आला नाही. उलट, आईकडून जनुक आले आणि बाप बिनजनुकाचा असला, की पोरे चमकत. काही टोचले नाही, काही खाऊ घातले नाही. नुसते लग्न लावले, एवढाच काय तो प्रयोग. आणि असे एकदा बंद झालेले जनुक तीनशेहून अधिक पिढ्या बंदच राहिले. माणसाच्या हिशेबात पिढीला पंचवीस वर्षे धरली तर साडेसात हजार वर्षे होतात. जोर्वे-इनामगावची वस्तीसुद्धा त्यापुढे कालपरवाची.

हे असे का व्हावे? आईच्या अंड्यात त्या जनुकाच्या निरोपाच्या प्रती आधीपासून असल्या की पेशीतल्या पहारेकऱ्यांना तो शब्द घरचा वाटतो, ते त्याला जाऊ देतात. त्या प्रती नसल्या, आणि बापाच्या हातून जनुक एकदम दारात आले, की 'हा कोण?' म्हणून त्याचे तोंड बांधले जाते. आईने ओळख दिली नाही म्हणून तीनशे पिढ्यांचे मौन! प्रत्येक जनुकाचे असे होत नाही, हे लगेच सांगायला हवे. बहुतेक जनुके आई-बाप कुणाकडूनही येवोत, निवांत बोलत असतात. या एका बसवलेल्या जनुकाच्या अक्षरांतच काहीतरी होते.

तरीही वाचताना हसू आले. आपल्याकडचा हिशेब अगदी उलटा. इथे ओळख द्यायची ती बापाने. शाळेच्या दाखल्यावर आईचे नाव यावे म्हणून महाराष्ट्रात किती वर्षे बोलावे लागले. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, सरकारी कागदांवर, मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम सरकारने ठरवून दिला. सूत्रकृमीला हा शासननिर्णय वाचून दाखवला असता तर 'एवढा उशीर?' असे त्याने विचारले असते.

पण मला तीनशे पिढ्यांच्या आकड्यापेक्षा एक छोटा आकडा जास्त खुणावतो. दुहेरी आरएनए खाऊ घालून गप्प केलेली जनुके सहसा तीन ते पाच पिढ्यांत पुन्हा बोलू लागतात. तीनशे हा अपवाद. विसरणे हा नियम. पूर्वी लोकांना वाटे की तुकडे पिढीगणिक पातळ होत जातात, ताकात पाणी घालत जावे तसे, आणि मग संपतात. तेल अवीवच्या ओडेड रेखावी यांच्या गटाने २०१६मध्ये दाखवले की प्रकरण इतके साधे नाही. मौन किती पिढ्या चालवायचे हे किडा ठरवतो. त्यासाठी वेगळी जनुके आहेत. ती मोडली तर मौन लांबते. त्या जनुकांच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून त्यांनी 'मोटेक' असा शब्द केला. हिब्रूत मोटेक म्हणजे लाडक्या, राजा, सोन्या. विसरायला लावणाऱ्या जनुकांना हे नाव कुणाला सुचले असेल, त्याला एकदा भेटायला हवे.

विसरण्याचीही सोय करून ठेवावी लागते, यात तथ्य आहे. पणजीच्या काळात आलेला विषाणू आता नाही. मग त्याच्यापायी धरलेले मौन पणतूने का वाहावे? पण दोन पिढ्यांतच तो परत आला तर? किड्याने मधला मार्ग काढला: तीन ते पाच पिढ्या. आणि श्राद्धात आपण नावे किती घेतो? तीनच. पिता, पितामह, प्रपितामह. चौथ्या पिढीचा पूर्वज पिंडाचा धनी राहत नाही. हाताला पुसून राहिलेल्या लेपावर त्याचे भागते, म्हणून त्याला लेपभागी म्हणतात. शास्त्रकारांनी हा आकडा कशावरून काढला ते तेच जाणोत. किड्याचा आणि त्यांचा संबंध जोडण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही. पण घरात माणूस किती पिढ्यांना प्रत्यक्ष ओळखतो हे मोजले, तर उत्तर तेवढेच येते.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या गप्प असलेल्या जनुकावर पाळत ठेवणारे एक प्रथिन आहे, एचआरडीई-१. तेच काढून घेतले की वारशाने गप्प झालेले जनुक पुन्हा बोलते. लाल-हिरवा उजेड परत येतो. मजकूर सगळा वेळ जिथल्या तिथे होता, शब्द न्‌ शब्द.

संध्याकाळी आत्या आपणहून म्हणाली, "माळ्यावर ते घंगाळ आहे बघ. पणजीच्या मामाने लग्नात दिलेलं. सासरचं नाव पडायच्या आधीच घडवलं असेल की ते."

भाची शिडी लावून चढलीसुद्धा. जुने सूप, फुटका दिवा, बाबांच्या शाळेची पेटी आणि सगळ्यात मागे घंगाळ. खाली उतरवेपर्यंत तिचे केस पांढरे झाले होते. तांबे काळेकुट्ट पडलेले. काठाखाली बोट फिरवले तर खडबडीत लागत होते. भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालायचे तशी ओळ. चिंच भिजत घातली होती, आमसुलाच्या सारासाठी काढलेले मीठ घेतले आणि दोघी आत्या-भाची मोरीत बसून घासू लागल्या. 'मामाकडून' हा शब्द आधी निघाला, लख्ख. त्याच्या डावीकडे 'चि.' आणि मग एक पोचा, नेमका नावावर आलेला. आत्याने चष्मा पुसला, घंगाळ दिव्याकडे तिरके धरले.

"पहिलं अक्षर 'गो' आहे," ती म्हणाली. "पुढचं घास अजून."